आप्पांच्या हातची कॉफी

गिरिजावहिनी गेल्याचा फोन सकाळी आला. तिच्या थोरल्या मुलाने केला होता. त्याने मला मावशी म्हटलं. आमचं नातं नेमकं काय हे त्याला ठाऊक नसावं, आणि मलाही ते एका शब्दात सांगता आलं नसतं. "झोपेतच गेली, त्रास झाला नाही," असं तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी कपाटातून तिचा कॉफीचा पितळी फिल्टर काढला, पावडर भरली, उकळतं पाणी ओतलं आणि शेजारी खुर्ची घेऊन बसले. प्यायची इच्छा नव्हती. तो गळताना कसा वाजतो तेवढंच ऐकायचं होतं. परभणीतल्या या घरात आता बाकी कसलाच आवाज नसतो. मुलीने पाठवलेलं काचेचं भांडं आहे, त्यात दांडा खाली दाबला की कॉफी तयार होते, आणि ते अगदी मुकाट्याने होतं. फिल्टरचं तसं नाही. पहिले थेंब रिकाम्या पितळेवर पडतात तेव्हा टणटण वाजतात, मग तळाशी कॉफी साचत जाते तसा आवाज जड होतो आणि शेवटी ऐकूही येत नाही.

पालमला आमचं भांड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पातळ भिंत, इतकी पातळ की इकडचा चमचा पडला तर तिकडे कळायचा. आमच्या घरात सगळं काही आवाजावरून ओळखायची सवय होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकाच्या हातात भांडं देण्याआधी ते बोटाच्या पेराने ठोकून दाखवत. "ऐका, कसं बोलतंय," असं म्हणत. चीर गेलेलं भांडं त्यांना आवाजावरून कळे. माणसांशी मात्र ते फार बोलत नसत. सकाळी अंघोळ, भस्म, लिंगपूजा, मग दुकान. दुपारी भाकरी, पुन्हा दुकान. आईचं तोंड मात्र दिवसभर चालू असे, त्यामुळे घर मुकं वाटत नसे.

आमच्याकडे चहा होता आणि कॉफी हे जवळपास औषध होतं. कुणाला ताप आला, बँकेचा साहेब घरी आला किंवा शिवरात्रीचा उपास असला की आई कॉफी करी. तिची रीत अशी: पातेल्यात दूध, दुधातच साखर, त्यातच कॉफी, आणि साय धरेपर्यंत उकळायचं. मग सहाणेवर जायफळ उगाळून ते त्यात खरवडून घालायचं. त्या कॉफीला कॉफीचा वास येतच नसे, जायफळाचा येई, आणि पिऊन झाल्यावर डोळे जड होत. मला ती आवडायची. आजारी पडण्यातला तेवढाच भाग आवडायचा. थोरला भाऊ, दादा, परभणीच्या वसतिगृहात राहून शिकला आणि येताना दुसरी रीत घेऊन आला. कपात झटपट कॉफीची भुकटी, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन तो ते चमच्याने फेटत बसे, पांढरट फेस येईपर्यंत. फेटताना सगळं घर त्या खडखडाटाने वैतागे. "कॉफी करायलास का दगड फोडायलास?" असं आई विचारी.

दादाचं लग्न झालं आणि गिरिजावहिनी आली. मूळ गाव भालकीकडचं, पण वडिलांची नोकरी खाली, चिकमगळूरच्या बाजूला होती. तिथल्या घराघरांत चहा पाहुण्यांना आणि कॉफी स्वतःला. रुखवतात लाडू, करंज्या, भरतकामाच्या उश्या होत्या आणि त्यांच्यात एक पितळी भांडं होतं, एकावर एक बसवलेल्या दोन पेल्यांसारखं. आमच्याकडच्या बायकांनी ते उघडून पाहिलं, वरच्याच्या तळाला भोकं पाहिली आणि एकीने विचारलं, "चाळण हाय का काय?" आप्पांनी ते हातात घेतलं, तोललं, पेराने ठोकलं. "काम चांगलं हाय," एवढंच म्हणाले. उपयोग काय ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तिची रीत मी पहिल्याच आठवड्यात शिकले, कारण मी तिच्या पायात पायात असे. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते, पुस्तकं वाचायची, कुणाशी फारसं बोलायचं नाही. घरात मला ऐकून घेणारं पहिलं माणूस तीच आली. पहाटे उठून ती स्टोव्हला पंप मारी, पाणी ठेवी. मग कालचा चोथा काढायला फिल्टरचं वरचं भांडं मोरीच्या दगडावर आपटी. ठक, ठक, ठक. धुऊन पुसून नवी पावडर भरी आणि वरून दांडीची चकती नुसती टेकवी. "दाबायचं नाही सुमनताई," ती म्हणे. "दाबलं की ती रुसते. पाणी जात नाही." उकळतं पाणी सावकाश ओतून झाकण लावी आणि लिंगपूजेला बसे. डाव्या तळहातावर लिंग घेऊन ती बसली की घरात त्या थेंबांशिवाय काही ऐकू येत नसे. तिची पूजा आणि थेंब बरोबरच संपत. मग दूध, साखर, आणि दोन पेल्यांतून उंचावरून खालीवर ओतणं. तो एखाद्या लहान धबधब्यासारखा आवाज. आई पहिल्या दिवशी एक घोट घेऊन म्हणाली, "जायफळाशिवाय कॉफी म्हंजे नुसता जळका काढा." दादाने आपला चमचा फेकून दिला आणि तिच्या बाजूला झाला. "मी कॉफीच आणली," तो सांगे, "बायको वरनं फुकट मिळाली."

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे, समोरही येत नसे. आता हे सांगितलं की माझी मुलगी चिडते. तेव्हा त्यात चिडण्यासारखं काही आहे असं आम्हांला वाटत नव्हतं, जसं दाराला उंबरा असतो तसंच ते होतं. आप्पा स्वयंपाकघराकडे येताना दुरूनच खाकरत. खाकरलं की वहिनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून माजघरात जाई. आप्पा पाणी पीत, हवं ते घेत आणि जात. एका घरात राहून त्यांनी एकमेकांचं तोंड धड पाहिलं नसेल. बोलायचं झालं तर ते माझ्यामार्फत, तेही दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असताना.

एका थंडीत आप्पांना खोकला झाला. भिंतीपलीकडून त्यांनी हाक मारली, "सुमे, काय शिजायलंय आत? वास लय भारी यायलाय."

मी आत पाहिलं. वहिनी हळू म्हणाली, "सांगा, कॉफी आहे. देऊ का?"

"आप्पा, कॉफी हाय. देऊ का इचारायलीय वैनी."

"दे म्हणावं. साखर कमी."

मी पेला नेऊन दिला. आप्पांनी पेला रिकामा केला आणि उपडा करून माझ्या हातात दिला. दुकानात भांडी उपडी मांडायची त्यांची सवय, तसाच तो. मी तो तसाच उपडा आत नेला. वहिनीने पाहिलं आणि तिला समजलं, कॉफी आवडली. त्या दिवसापासून रोज एक पेला भिंतीपलीकडे जाऊ लागला आणि उपडा होऊन परत येऊ लागला. आई म्हणायची, "मंग मी जन्मभर काय विष पाजलं का तुमाला?" आप्पा खाली मान घालून हसत. कल्हईवाला गावात आला तेव्हा दुकानातली भांडी बाजूला सारून आप्पांनी आधी तो फिल्टर मागवून घेतला. स्वतः उकिडवे बसून त्याला आतून कल्हई करून घेतली. भोकं बुजू नयेत म्हणून एकेक भोक उजेडात धरून पाहिलं. सुनेला दागिना करावा तशी त्यांनी ती कल्हई केली. मात्र आत पाठवताना मला एवढंच म्हणाले, "दे म्हणावं. पितळ कळकतं."

दादाला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग नांदेडचा दवाखाना. तेवढ्या दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते मला अजून नीट लिहिता येत नाही. तिथून त्याचा देहच परत आला तेव्हा आम्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्याला मळ्यात मातीत बसवलं, स्वामींनी भस्म लावलं, आणि आम्ही घरी आलो. आमच्यात सुतक पाळत नाहीत. दुसऱ्या सकाळीही आप्पा लिंगपूजेला बसले. लोक म्हणतात की हे बरं असतं, काम चालू राहतं. मला तेव्हा वाटलं होतं की सगळ्या घराने थोडा वेळ तरी थांबायला हवं होतं. शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी येई, किटलीतून चहा येई. वहिनीने फिल्टर धुतला, पुसला, उलटा करून वरच्या फळीवर ठेवून दिला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा सकाळी चहा घेऊ लागले. चहाचा पेला ते सरळच परत करत.

काही महिने गेले. वहिनी घरातलं सगळं करी, आईचे पाय चेपी, माझी वेणी घाली. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. मात्र पहाटे जाग आली की ती स्टोव्हपाशी नुसती बसलेली दिसे. स्टोव्ह बंद असे. आईला एकच धास्ती लागली होती. लेक गेला, आता सूनही जाईल. ती वहिनीला क्षणभर नजरेआड होऊ देत नसे. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. ती गेली तर मी कुणाशी बोलणार होते?

मग भालकीहून तिचे दोघे भाऊ आले. थोरला समजूतदार होता, आवाज चढवणारा नव्हता. बैठकीत तो आप्पांना म्हणाला, "मामा, आमच्यात पाट लागतो, तुमच्यातबी लागतो. तिचं वय काय झालंय, दुसरं लग्न होईल. तुम्ही नको म्हणाला तर आम्ही मुकाट जाऊ. पण तिला घेऊन जायला आलोय."

आई दारातूनच म्हणाली, "तिला इचारा की. तिला जायचं न्हाई."

आप्पांनी मला हाक मारली. "सुमे, इचार वैनीला."

मी आत गेले. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "सांगा," ती म्हणाली, "मी इथंच राहते."

मी बाहेर येऊन सांगितलं. आईने पदराने डोळे पुसले. आप्पा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले, भांडं ठोकल्यावर कान लावत तसे. मग म्हणाले, "पुन्ना इचार. मनापासून म्हणायलीय का आमच्यासाठी म्हणायलीय?"

मी पुन्हा आत गेले आणि विचारलं. वहिनीने उत्तर दिलं नाही. मी बाहेर आले आणि उत्तर मिळालं नाही अशी मान हलवली. आप्पा पाहुण्यांना म्हणाले, "आज ऱ्हावा. सकाळी बगू."

सकाळी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात होतो. ती पीठ मळत होती. आणि अचानक आप्पा दारात उभे होते. ते खाकरले नव्हते. त्या घरात तसं आधी कधी घडलं नव्हतं. वहिनीचे हात पिठात होते, पदर सारखा करायला मोकळा हात नव्हता. ती उठू लागली.

"बस, गिरिजा," आप्पा म्हणाले.

तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ती बसली. आप्पांनी वरच्या फळीवरचा फिल्टर काढला, डबा शोधला. डब्यात तिच्या माहेरची शेवटची पावडर होती, महिनोन्महिने पडून वास उडालेली. त्यांनी ती हुंगली, आजूबाजूला पाहिलं, आणि आईच्या डब्यातलं जायफळ घेऊन किसणीवर खसाखसा किसून त्यात घातलं. मी काही बोलणार होते. वहिनीने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मग मला हळूहळू उमगत गेलं की आप्पांना ही रीत फक्त भिंतीपलीकडून माहीत आहे. त्यांनी ती कधी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. स्टोव्हचा पंप त्यांना माहीत होता. झाकण माहीत होतं. आणि ते ठक, ठक, ठक त्यांना चांगलं आठवत होतं. पण तो चोथा काढण्याचा आवाज आहे हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, पावडर अशीच ठोकून बसवतात. त्यांनी भरलेला फिल्टर मोरीच्या दगडावर आपटला, पुन्हा आपटला, वरून चकती अंगठ्याने दाबली, गुळाची ढेप दाबावी तशी. पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि तिच्यासमोर पाटावर बसले.

एकही थेंब पडला नाही.

आप्पा वाट पाहत होते. वहिनी खाली पाहत होती. बाहेर बैठकीत तिचे भाऊ खोकत होते. आई दारात येऊन उभी राहिली. आप्पांनी फिल्टर पेराने ठोकून पाहिला. तो भरीव, बसका वाजला. आणि मग, तो गळत नव्हता म्हणून की काय, ते बोलू लागले.

"कोणासाठी राहायलीस? माझ्यासाठी? मी किती दिवसाचा? हिच्यासाठी?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही उद्या लग्न करून जाईल. मागं वळून बगायची न्हाई."

"अहो, असं काय बोलायलाव," आई म्हणाली.

"तू थांब जरा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सून म्हणून तुला ठिवता येतं, गिरिजा. चूल हाय, कोपरा हाय, कोन न्हाई म्हणणार न्हाई. पण लेक असतीस अन् तुझ्या सासरी असं झालं असतं, तर मी तुला घ्यायला गेलो असतो का नसतो? तुझे भाऊ त्याच कामाला आलेत. तुला उंबऱ्याआडून सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस. म्हणून आत आलो. माफ कर."

वहिनीचा पदर खांद्यावर घसरला होता. तिने तो ओढला नाही. तिचे डोळे कोरडे होते. ती आप्पांकडे पाहत होती, सरळ, आणि आप्पाही तिच्याकडे पाहत होते. तेव्हाच कुठे फिल्टरमधून एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

अर्धा पेलासुद्धा जमला नाही. लोह्याकडची यष्टी गाठायची होती, भावाने दारातून तसं सांगितलं. आप्पांनी जमलं तेवढं घेतलं, दूध-साखर घातली आणि दोन पेले घेऊन उंचावरून ओतायला गेले. तो आवाजही त्यांना पाठ होता. निम्मी कॉफी फरशीवर सांडली. उरलेली त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. तिने पिठाचे हात पुसले, पेला घेतला आणि न थांबता प्यायली.

"कशी झाली?" आप्पांनी विचारलं.

मी सवयीने तिच्याकडे पाहिलं, निरोप न्यायला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"चांगली झाली, आप्पा," ती म्हणाली.

ती भावांबरोबर गेली. पुन्हा लग्न होऊन तिचं पुढे चांगलं झालं. दोन मुलगे, नातवंडं, मोठं घर. मी तिला नंतर फार थोड्या वेळा भेटले आणि त्या भेटींत आम्ही दोघींनी या सकाळचं नाव काढलं नाही. आप्पांनी एकदा फिल्टर तिच्याकडे पाठवायला काढला होता. तिने निरोप दिला की राहू द्या तिथंच. म्हणून तो माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मात्र फिल्टर तिथेच, कट्ट्यावर राहून गेला होता. यष्टी गेली, आप्पा येऊन दुकानात बसले, आईने भाकरी थापल्या पण ती कुणाशी बोलली नाही. वहिनीने मळलेल्या पिठाच्याच त्या भाकरी होत्या. मी पुस्तक उघडून बसले होते आणि एक ओळही वाचत नव्हते. स्वयंपाकघरात थेंब पडत होते. दाबून बसलेली पावडर हळूहळू सैल होत होती. सकाळभर, एकेक करून, ते पडत राहिले. आई एकदा फिल्टर उचलायला गेली आणि तशीच मागे फिरली.

दुपारी थेंब थांबले. आईने खालचं भांडं उघडून पाहिलं तर ते भरलं होतं. तिने दूध तापवलं, पेला केला, आणि सकाळपासून ज्या माणसाशी ती बोलली नव्हती त्याच्यापुढे दुकानात नेऊन ठेवला. मी तिच्यामागे गेले होते.

आप्पांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. रस्त्याकडे बघत राहिले.

"कडू जहर हाय," ते म्हणाले. "वर जायफळ."

आई दाराला टेकून उभी राहिली.

"पोरगी खोटं बोलली माझ्याशी," आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "एकदाच बोलली, अन् खोटं बोलली."

मग त्यांनी पेला उचलला आणि सगळी कॉफी प्यायली, तळाचा गाळसुद्धा. पेला उपडा केला आणि माझ्या हातात दिला. मी तो तसाच उपडा आत घेऊन गेले.